टेबलावरची मोटार

चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकाने कोणता छंद लावून घ्यावा, याबद्दल समाजाची मते ठाम असतात. त्याने पुस्तके जमवावीत, सकाळी फिरायला जावे, फार तर कुंडीत गुलाब लावावा. मराठीच्या प्राध्यापकाने तर दुसऱ्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढणे हाच छंद मानावा आणि त्यातच समाधानाने निवृत्त व्हावे. त्यामुळे गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खेळण्यातली मोटार खोलून बसलो, तेव्हा आमच्या अमरावतीच्या घरात एक चमत्कारिक शांतता पसरली. ती फार दिवस टिकली नाही.

“अहो, माझी नेलपॉलिशची बाटली पाहिलीत का?”

“त्यातले दोनच थेंब घेतले,” मी म्हणालो. “मागच्या दिव्यांना.”

“कुणाच्या मागच्या?”

या प्रश्नाला मी टेबलाकडे बोट दाखवले. तिथे वर्तमानपत्रावर एका अँबॅसडरचे टप, बैठका, काचा आणि चार चाके वेगवेगळी मांडून ठेवली होती. हिने एकदा तिच्याकडे व एकदा माझ्याकडे पाहिले, आणि दोघांपैकी अधिक मोडकळीला कोण आले आहे याचा अंदाज घेऊन ती स्वयंपाकघरात निघून गेली.

वाचकहो, हे वेड माझे एकट्याचे नाही. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९३३-३४ च्या सुमारास खेळण्यातल्या आगगाडीशेजारी शोभाव्यात म्हणून छोट्या मोटारी काढल्या. त्याच पुढे ‘डिंकी’ या नावाने जगभर गेल्या. लंडनचे जॅक ओडेल यांची गोष्ट तर फारच गोड आहे. त्यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती. ओडेल यांनी तिच्यासाठी पितळेचा एक चिमुकला रोडरोलर घडवला, आणि त्यातूनच १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ गाड्यांचा जन्म झाला. डिंकीचे काही जुने साचे १९६०-७० च्या दशकात आपल्याकडे कलकत्त्यालाही आले आणि त्यांतून ‘निकी’ नावाच्या गाड्या निघाल्या. म्हणजे मोठ्या मोटारींप्रमाणे छोट्या मोटारींचे साचेही आपण विलायतेहून आणले. अँबॅसडर तरी मूळची कोण? विलायती मॉरिस ऑक्सफर्डच! पण १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ती आपल्याकडे बनत राहिली आणि इतकी आपली झाली, की तिचे माहेर कुणाच्या लक्षातही राहिले नाही.

मला करायची होती ती अकोल्याच्या एका रुईच्या व्यापाऱ्यांची १९७८ सालची पांढरी अँबॅसडर. बाजारात मागे ओढून सोडली की पळणारी प्लास्टिकची अँबॅसडर मिळते, ती मी आणली. पट्टीने मोजली तर बारा सेंटीमीटर भरली. खरी गाडी सव्वाचार मीटरांहून थोडी अधिक लांब. म्हणजे माझी तिचा छत्तिसावा हिस्सा झाली. एकदा हा आकडा हाती लागला की माणसाला तेवढाच उद्योग राहतो. दिसेल त्या वस्तूला तो छत्तिसाने भागू लागतो. आमच्या अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरांचा एकेरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरून झाला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. माझ्या गाडीच्या हिशेबाने तो सगळा विक्रम दोन किलोमीटरांचा भरतो. तेवढे मी संध्याकाळी पाय मोकळे करायला चालतो. पण माझी नोंद अजून कुणी घेतलेली नाही.

या कामात हात घालणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो घाई न करण्याचा. धातूची गाडी असेल तर तिचा तळ रिबिटांनी ठोकलेला असतो. बारीक ड्रिलने रिबिटाचे डोके तेवढे उडवावे लागते. प्लास्टिकच्या गाडीला स्क्रू असतात, पण तिची कातडी नाजूक. माझ्या पहिल्या गाडीवर रंगाचा ओघळ आला, तो पुसायला मी नेलपॉलिश काढण्याचे औषध वापरले. रंग निघाला, आणि त्याच्याबरोबर दरवाजाही विरघळू लागला! दुसऱ्या गाडीच्या काचा मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवल्या. सकाळी पाहतो तर त्या गोंदाच्या वाफेने काचांवर पांढरे धुके धरलेले. शेवटी मिठाईच्या डब्याचे पारदर्शक झाकण कापून नव्या काचा केल्या, त्या साध्या पांढऱ्या गोंदाने बसवल्या आणि एक रात्र हात बांधून बसलो. खेळण्यावरची समोरची जाळी नंतरच्या गाड्यांची होती. ती काढून चहाच्या जुन्या गाळणीचा तुकडा बसवला. रंगाचे एक जाड पूट देण्याऐवजी चार पातळ पुटे द्यावीत, आणि दोन पुटांच्या मध्ये गाडीला हात लावू नये. हा संयम मला उत्तरपत्रिका तपासताना कधी साधला नाही.

आणि खरे सांगायचे तर आपल्या वऱ्हाडाला हे काम नवे आहे असे कुणी म्हणू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केला, असे सांगतात. लाकडी नंदी सगळ्यांचे सारखेच, चार चाकांवर उभे. पण त्यांतला एकही दुसऱ्यासारखा दिसत नाही. कुणी शिंगांना बेगड लावतो, कुणी आईच्या जुन्या खणाची झूल शिवतो, कुणी गळ्यात घुंगरू बांधतो. मग पोरे दारोदार नंदी ओढत नेऊन बोजारा मागतात. दुकानातली वस्तू घरची करून घेण्याची ही विद्या आम्ही तिथेच शिकलो. ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडीही करीत असू. तिच्या जुवापाशी भेंडाचा एक माणूस टोचून बसवल्याशिवाय मात्र आमचे समाधान होत नसे. तो गाडीचा धुरकरी. धुरकऱ्याशिवाय गाडी म्हणजे उलारच जायची, अशी आमची समजूत!

माझी अँबॅसडर रंगून, वाळून, जोडून झाली. दोन लाल ठिपके मागे चमकू लागले. हिनेसुद्धा ती हातात घेऊन “छान झाली हो” म्हटले. पण मला काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. रात्री ती टेबलावर ठेवून पाहत बसलो आणि एकदम लक्षात आले: गाडी रिकामी होती. मग मी कपाटातल्या चिरंजीवांच्या सगळ्या गाड्या पाहिल्या. सगळ्याच रिकाम्या. शर्यतीच्या गाड्या सोडल्या, तर या छोट्या मोटारींत चालवणारा सहसा नसतोच. स्टिअरिंगचे चाक असते, बैठकीच्या शिवणी असतात, फक्त माणूस तेवढा वगळलेला असतो.

तो मीही एकदा वगळला होता.

ती पांढरी अँबॅसडर माझे वडील चालवत. पंचवीस वर्षे चालवली. १९९८ सालच्या जूनमध्ये मला अमरावतीला कॉलेजात घालायचे होते, आणि शेठजींचेही त्याच दिवशी तिथे काम निघाले. त्यांना बाजारात उतरवून बाबा मला वसतिगृहाच्या दारापर्यंत गाडीने सोडायला आले. चार मुले पायऱ्यांवर उभी होती. एकाने विचारले, “गाडी तुमची का रे?” मी म्हणालो, “हो.” दुसऱ्याने विचारले, “आणि हे?” बाबा तेव्हा डिकीतून माझी ट्रंक काढत होते. मी म्हणालो, “ड्रायव्हर आहेत.”

शब्दार्थाने यात काहीच खोटे नव्हते. बाबांनी ट्रंक पायरीवर ठेवली, “नीट राहा” म्हणाले आणि गाडी वळवून गेले. त्यांनी ते ऐकले होते की नाही, हे मी आजपर्यंत विचारलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एम-सील मळायला घेतले. छत्तिसाव्या हिश्शात बसलेला माणूस बैठकीपासून टाळूपर्यंत अडीच सेंटीमीटरही भरत नाही. त्याचे डोके तुरीच्या दाण्याएवढे होते. तेवढ्याशा डोक्यावर नाक-डोळे काढायला गेले तर चेहरा बिघडतो. म्हणून ते काढले नाहीत. पण अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बाबा कान झाकून पांढरा दुपट्टा बांधत, तो जखमेला लावायच्या जाळीच्या कापडाचा धागाधागा सोडवून केला. तीन धुरकरी फसले. चौथा जागेवर बसला आणि गाडी उलार दिसेनाशी झाली.

गेल्या दसऱ्याला ती घेऊन अकोल्याला गेलो. बाबांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघालेले आहेत. त्यांनी गाडी उजेडाकडे धरली, अंगठ्याने टपावरून हात फिरवला आणि आत वाकून पाहिले.

“गाडी तं तेच हाय,” ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. “अन् धुरकरी बी बसवला काय लेका?”

“हो बाबा.”

“दुपट्टा बराबर हाय. पन गिअर चुकला तुह्या. तो खाली नव्हता, हँडलले व्हता.”

गिअरची दांडी मी त्याच दुपारी टाचणीच्या टोकाने बदलून दिली. दसऱ्याला शेठजींच्या गाडीला बाबाच हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालत. या गाडीला त्यांनी झेंडूची एक पाकळी वाहिली. संध्याकाळी सोने द्यायला शेजारची मुले आली. त्यांतल्या एकीने कोनाड्याकडे पाहून विचारले, “आजोबा, ही गाडी कोणाची?”

“शेठजीची,” बाबा म्हणाले.

“आणि आत कोण बसलंय?”

बाबांनी माझ्याकडे पाहिले. उत्तर द्यायला मला सव्वीस-सत्तावीस वर्षे उशीर झाला होता, पण प्रश्न तोच होता.

“ते माझे बाबा,” मी म्हणालो.

गाडी आता अकोल्याच्या कोनाड्यातच असते. माझे टेबल पुन्हा उत्तरपत्रिकांना मोकळे झाले आहे. नेलपॉलिशची नवी बाटलीही मी आणून दिली. पण हिच्या मते तो रंग तो नव्हे.