लॉगिन एकदाच हवं ना?

फायनल इयरचं प्रोजेक्ट. एकाला पीएचपी येतं, दुसरीला पायथन. कामं वाटली, दोन्ही भाग छान चालले. जोडायला गेलात, तर युजरला दोनदा लॉगिन करावं लागतंय! मग डेमोच्या आदल्या रात्री वाद सुरू, 'तुझ्या भाषेमुळेच झालं!'

मित्रांनो, दोष भाषेचा नसतो. ब्राउझरच्या कुकीत बहुतेक वेळा फक्त सेशनचा आयडी असतो. खरी माहिती सर्व्हरवर. पीएचपी ती सहसा फाइलमध्ये, स्वतःच्या पद्धतीने लिहून ठेवतं. पायथनला ती थेट वाचता येत नाही. पायथनचं 'पिकल' पीएचपीला कळत नाही. शिवाय पिकलमध्ये कुणी खोडसाळ डेटा घुसवला, तर तो उघडताना भलताच कोड चालू शकतो. म्हणूनच 'जँगो'ने 2013 मध्ये सेशनसाठी पिकलऐवजी 'जेसन' डिफॉल्ट केलं.

तुम्हीही तेच करा. सेशन 'रेडिस'सारख्या सामाईक ठिकाणी, जेसनमध्ये ठेवा. त्यात युजर आयडी आणि मोजकी माहिती पुरे. कुकी दोन्ही भागांपर्यंत पोहोचतेय ना, ते बघा. मुदत आणि लॉगआउटचे नियम आधीच लिहून काढा. एका भागातून लॉगआउट केलं, तरी दुसरा उघडाच राहिला, तर लॅबच्या पीसीवर पुढचा विद्यार्थी तुमच्याच नावाने आत!

यासाठी पहिल्याच दिवशी अर्धा तास एकत्र बसा. मग ज्याने त्याने आपल्या आवडत्या भाषेत खुशाल कोड लिहावा.