खिशातला चाकू घेताना



विळा, खुरपे, कोयता ही अवजारे आपण कशी पारखून घेतो! लोहाराच्या दारात बसून, हातात तोलून, पाणी नीट दिले आहे की नाही हे विचारून. खिशातला घडीचा चाकू मात्र आपण जत्रेत घेतो. मूठ रंगीत दिसली, खटका वाजला की झाली खरेदी. दोन महिन्यांत खिळा ढिला होतो, पाते डुगडुगू लागते, आणि तोच चाकू आपण पुढे दोन वर्षे वापरतो.

अलीकडे वेगळाच प्रश्न कानांवर येतो. शहरात नोकरीला असलेला मुलगा किंवा परदेशी गेलेला भाचा विचारतो, "मामा, तुमच्यासाठी एक भारी चाकू आणू का?" हजार-दोन हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंतचे चाकू आज मिळतात. एवढे पैसे चाकूला घालावेत का, आणि घातलेच तर कशासाठी, हे आज पाहू.

माझे मत आधीच सांगतो. पैसा द्यायचा तो पहिल्याने पाते उघडे धरून ठेवणाऱ्या कळीला, मग पोलादाला. मुठीवरच्या नक्षीला एक पैसाही जास्त देऊ नये.

कळीवर एवढा भर का, ते ऐका. सुतळी, खताची गोणी, मल्चिंगचा कागद, ठिबकची नळी ही कापायची कामे. पण आपण चाकूने टोचतोही. टोचताना पाते अडकते, हात पुढे जातो, आणि कळ नसलेले किंवा ढिली कळ असलेले पाते उलटे मिटते. ते येते थेट बोटांच्या आतल्या बाजूला. बोट मिटणारी शीर, म्हणजे कंडरा, तिथेच कातडीखाली असते. ती तुटली तर आपोआप सांधत नाही, शस्त्रक्रिया करावी लागते आणि तीही लवकर. वरची जखम भरली म्हणून घरी बसलेल्या माणसाचे बोट पुढे मिटतच नाही. दूध काढणे, कासरा धरणे, विळा चालवणे, सगळ्यालाच अडते. बोट कापल्यावर ते वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर हळद भरून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या लशीचेही विचारा.

आता कळीचे प्रकार. स्वित्झर्लंडचा लाल मुठीचा व्हिक्टोरिनॉक्स बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याच्या नेहमीच्या लहान चाकूंत पाते फक्त स्प्रिंगच्या ताणावर उभे राहते, त्याला कळ नसते. फळ कापायला, सुतळी तोडायला तो उत्तम. जोराच्या कामाला नव्हे. त्याच कंपनीच्या काही मोठ्या चाकूंना कळ असते, ती विचारून घ्यावी. फ्रान्सच्या साव्वा या डोंगरी भागातला ओपिनेल मला विशेष आवडतो. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० साली साध्या कष्टकऱ्यांसाठी काढला. १९५५ पासून त्याच्या मुठीच्या तोंडाशी एक फिरते कडे आहे. पाते उघडून कडे फिरवले की पाते मिटत नाही. यात बिघडण्यासारखे काही नाही. मात्र मूठ लाकडाची, पावसाळ्यात फुगते आणि पाते उघडता उघडत नाही.

याहून महाग चाकूंत मुठीतली पोलादी पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाशी टेकते, किंवा मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी असते. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्ह यांच्या नामांकित चाकूचे नाव 'सबेंझा', झुलू भाषेत त्याचा अर्थ काम. नाव चांगले, चाकूही उत्तम, पण ती किंमत देऊन गोठ्यात न्यायला हात धजणार नाही. आणि न्यायचा नसेल तर घ्यायचा कशाला?

दुकानात पाहायचे ते असे. पाते उघडून डावी-उजवीकडे हलवा, जराही हलता कामा नये. बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ तळव्याने हळू दाबा, कळ सुटली तर तो चाकू परत द्या. एका हाताने उघडतो का, तेही बघा. बैलाच्या मानेला दावे आवळते तेव्हा दुसरा हात मोकळा नसतो. शेवटी, खिळ्याऐवजी स्क्रू असेल तर बरे, चिखल आत गेला की खोलून धुता येतो.

पोलादाची गोष्ट जरा नाजूक आहे. साध्या कार्बन पोलादाला धार झटपट लागते, पण लिंबाच्या रसाने ते काळे पडते आणि आषाढात एका रात्रीत गंजते. न गंजणारे पोलाद आपल्या हवेला बरे. फार महाग चाकूंत पावडरपासून बनवलेले पोलाद असते. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत व्हॅनॅडियम भरपूर असते. धार खूप दिवस टिकते हे खरे, पण व्हॅनॅडियमचे कण आपल्या नेहमीच्या दगडापेक्षा कठीण असतात. गेलेली धार परत आणायला हिऱ्याच्या भुकटीची पट्टी लागते. ती घ्यायची तयारी नसेल तर मध्यम प्रतीचे न गंजणारे पोलाद घ्या आणि आठवड्याला दोन मिनिटे निसण्यावर घासा. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हात घसरतो.

पाते तीन ते साडेतीन इंच पुरे. पाठीशी दोन-अडीच मिलिमीटर जाडी असावी. जाड पाते दिसते भक्कम, पण कांदा कापत नाही, फोडते. कलमाला हा चाकू वापरू नका. कलमाच्या चाकूला बहुधा एकाच बाजूने धार असते आणि तो दुसऱ्या कशालाच लावायचा नसतो.

बागायतदारांनी एक लक्षात ठेवावे. डाळिंबाच्या तेल्याची फांदी कापलेला चाकू पुसून पुढच्या झाडाला लावला, तर रोगही सोबत जातो. पाते प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावे लागते आणि हायपोक्लोराइटचे द्रावण पोलाद खाते. म्हणूनही न गंजणारे पाते. काम संपल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा. खोबरेल नको, ते सांध्यात चिकटून बसते.

कायद्याचेही थोडे. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात, घरगुती व शेतीची साधने त्यातून वगळली आहेत. आपला चाकू त्याच्या कितीतरी आत. तरीही जत्रा, मिरवणूक, निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदीहुकूम निघतात, तेव्हा चाकू घरीच ठेवावा. बटण दाबताच उसळून उघडणारा रामपुरी थाटाचा तर घेऊच नये, शेतात त्याचे काही काम नाही. भाच्याला सांगा, विमानात चाकू हातातल्या पिशवीत ठेवू देत नाहीत, मोठ्या सामानात टाकून आणावा.

मुठीला भोक असेल तर त्यात लाल किंवा पिवळा नाडा ओवा. काळ्या मुठीचा चाकू वैरणीत पडला की दिसत नाही, आणि मग तो सापडतो कुट्टीच्या यंत्राला.