काजव्यांच्या रानांतले रात्रींचे पाहुणे

रात्रीं बागेंत किंवा रानांत जाऊं नये, असें वडीलधारीं माणसें मुलांस सांगत आलीं आहेत, आणि त्यांचें तें सांगणें उगाच नव्हे. शहरांतील बागेंत दिवे विझले कीं शहाणा मनुष्य घरची वाट धरितो. तेथें उजेड हाच राखणदार, ही गोष्ट आम्हांसहि मान्य आहे. परंतु आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत एक असें वन आहे कीं, तें पाहावयास पुण्यामुंबईचे व नाशिकचे लोक मुद्दाम रात्रींच जातात. आणि तेथें फाजील उजेड हाच शत्रु ठरतो. त्या वनांत रात्रीं जाऊन सुखरूप कसें परतावें, याविषयीं आम्हांस चार शब्द लिहावेसे वाटतात.

हें वन म्हणजे अकोले तालुक्यांतील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. तें १९८६ सालीं घोषित झालें. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरांचें कळसूबाई, याच मुलुखांत आहे. आणि १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचा जलाशयहि येथेंच पसरला आहे. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे थेंब पडूं लागले, कीं मृगाचा पाऊस जोर धरीपर्यंत घाटघर, रतनवाडी या गांवांच्या आसपासचीं हिरडा, बेहडा, सादडा हीं झाडें काजव्यांनीं लखलखूं लागतात. तो देखावा पाहावयास सुटीच्या दिवशीं मोटारींच्या रांगा लागतात, आणि त्यांच्या दिव्यांचे झोत थेट त्या झाडांवर पडतात.

काजव्याचा उजेड शोभेसाठीं नाहीं. त्याच्या पोटाच्या टोकाशीं ल्युसिफेरिन नांवाचें द्रव्य असतें. त्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन प्रकाश उत्पन्न होतो, आणि त्यांत उष्णता जवळजवळ नसते. नर लुकलुकून साद घालितो, मादी ती खूण ओळखून उत्तर देते. प्रत्येक जातीची खूण निराळी. प्रौढ काजव्याचें आयुष्य अवघ्या थोड्या आठवड्यांचें. तेवढ्यांत जोडीदार भेटला नाहीं तर पुढची पिढी खुंटली. मोटारीच्या झोतांत ही साद बुडून जाते. शिवाय कित्येक जातींच्या माद्यांस पंख नसतात. त्या गवतांतच बसून असतात, आणि पाउलवाट सोडून शिरणाऱ्याचा जोडा नेमका त्यांच्यावर पडतो.

आतां पालक म्हणतील, "काजव्यांचें राहूं द्या, अंधारांत आमच्या मुलांचें काय?" प्रश्न रास्त आहे. आमचें उत्तर असें कीं, जें वागणें काजव्यास तारतें, तेंच माणसासहि तारतें. आपला डोळा अंधारास सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात; एकदां सरावला, कीं चांदण्यांतहि वाट ओळखूं येते. प्रखर विजेरीचा एकच झोत ही सारी कमाई घालवितो, आणि झोताबाहेरचें रान अधिकच काळें होतें. म्हणून विजेरीवर तांबडा कागद बांधावा, व तिचा उजेड झाडावर न टाकतां आपल्या पायांपुढें धरावा. फुरसें, घोणस, मण्यार हे विषारी साप बहुधा रात्रींच हिंडतात. तेव्हां उजेडाची खरी गरज पायांपाशींच आहे. जोडे घोट्यावर येणारे असावेत. सर्पदंश झालाच, तर जखमेस चिरा देणें, आवळून बांधणें किंवा मांत्रिक शोधणें यांत वेळ न दवडितां, रोग्यास न हालवितां उचलून तडक रुग्णालयांत न्यावें.

दुसरें भय बिबट्याचें. विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अकोल्याच्या खोऱ्यांत, शेतांत आणि वस्त्यांजवळ, आपोआप छायाचित्रें घेणारीं यंत्रें लाविलीं. त्यांचा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. दर १०० चौरस किलोमीटरांत सुमारें पांच प्रौढ बिबटे माणसांच्या शेजारींच राहतात, असें त्यांत दिसून आलें. म्हणजे बिबट्या आपणांस दिसला नाहीं, तरी आपण त्यास दिसत असतों. तो सहसा माणसास टाळितो. परंतु एकटें मूल किंवा आडोशास वांकून बसलेला मनुष्य यांस धोका असतो. यास्तव टोळीनें चालावें, मुलांचे हात सोडूं नयेत, आणि हळू आवाजांत बोलत राहावें. तेवढें बोलणें त्यास वर्दी देण्यास पुरे. ध्वनिक्षेपकाची जरुरी नाहीं.

आमच्या मतें मोठा धोका मात्र श्वापदांचा नव्हे, आपल्याच घाईचा आहे. अनोळखी घाटरस्ता, पहिल्या पावसानें निसरडी झालेली वाट, अंधारांत न दिसणारा जलाशयाचा काठ, आणि त्यांत मद्य घेतलेला सारथी! याकरितां दिवसा उजेडीं पोहोंचावें, गाडी गांवांत ठेवावी, स्थानिक वाटाड्या घ्यावा, आणि रात्र तेथेंच काढून सकाळीं निघावें.

कोणी म्हणतात, रात्रीं हें वन बंदच करावें. आम्हांस तें पटत नाहीं. येथील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांस या दिवसांत जेवण, मुक्काम व वाटाडेपण यांतून चार पैसे मिळतात, आणि ज्या मुलानें काजवा पाहिलाच नाहीं त्यास त्याची कणव कोठून यावी? दार बंद न करितां तें अरुंद करावें: ठराविकच गाड्या, ठरलेली वेळ, आणि प्रत्येक टोळीबरोबर गांवचा एक माणूस. वनखातें नियम घालील. पण अंधारांत प्रत्येक झाडाखालीं पहारेकरी कोठून उभा करणार? तेथें ज्याचा तोच पहारेकरी.

विद्यार्थी मित्रहो, येत्या उन्हाळ्याच्या अखेरीस वडिलांबरोबर तिकडे जाल, तेव्हां मोटारीचे दिवे मालवावयास तुम्हींच सांगा, आणि अर्धा तास गप्प उभे राहा. ज्याच्या घरीं पाहुणे म्हणून जावयाचें, त्याच्याच घरचा दिवा आपल्या दिव्यानें लोपवूं नये.