ओवीचे मोल

पहाटेच्या काळोखात जात्याची घरघर सुरू झाली, की मुळशी खोऱ्यातील बायका ओव्या गात. त्यांना ना दाद मिळे, ना दाम. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती मुकी झाली. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी मुळशीसह हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येऊ लागल्या, त्याही गाणारणीच्या नावागावासह.

आता घरबसल्या आपले गाणे जगाला विकता येते. दुसऱ्याचे उचलणेही तितकेच सोपे झाले! ‘ओवी तर सर्वांची, पैसे द्यावयाचे कोणाला?’ असे उचलणारा विचारील. ओवी सर्वांची खरी. परंतु कंठ त्या बाईचा आहे. ध्वनिमुद्रणाचा व्यापार झाल्यास गाणाऱ्यास स्वामित्वधन मिळावे, असे २०१२ ची कायदादुरुस्तीही सांगते. दाम कोणाच्या हाती ठेवावयाचे, हे कळण्यासाठी तरी तिचे नाव गाण्याबरोबर राहिलेच पाहिजे.