निकाल कधी लागणार?

दहावीचा निकाल दोन दिवस लांबला तर नागपुरात केवढा गहजब होतो! वर्तमानपत्रे रकाने भरतात आणि आम्हा शिक्षकांना पालकांना तोंड दाखवणे कठीण होते. पण छातीत गाठ लागलेल्या बाईला, ती कर्करोगाची की साधी, हे कळायला तीन-तीन आठवडे लागतात, तेव्हा तिच्या टांगणीला लागलेल्या जिवाबद्दल कोणी ओरड केल्याचे ऐकिवात आहे काय?

ऐन दिवाळीत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. ज्या हातांनी ताटातल्या चकल्या तळल्या, त्याच हातांना उद्या ही गाठ लागू शकते, म्हणून.

या गाठीची तपासणी तिहेरी असते. डॉक्टरांनी हाताने तपासायचे, मॅमोग्राफी वा सोनोग्राफी करायची, आणि सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. हे सारे एका छताखाली, एका दिवशी होऊ शकते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. त्या बायका पुष्कळदा संध्याकाळीच निर्धास्त घरी जाऊ शकतात. तुकडा काढावा लागलाच तर काही दिवस जातात, पण किती ते सांगता येते. आपल्याकडे मात्र आज चिठ्ठी, पुढच्या मंगळवारी यंत्र, त्यापुढच्या मंगळवारी सुई! गडचिरोली-गोंदियाहून येणाऱ्या बाईची दर खेपेला मजुरी बुडते, ती निराळीच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली निदानाला ६० दिवसांची मुदत घातली. ती शेवटची मर्यादा आहे. तोवर रेंगाळण्याची परवानगी नव्हे.

इंग्लंडात मँचेस्टरला दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. एका दिवसात सगळे उरकलेल्या बायका दुसऱ्या दिवशी कमी चिंतातुर होत्या; तीन आठवड्यांनी दोन्हीकडच्या सारख्याच. मग जादा खर्च कशाला, असे हिशेबी लोक विचारतील. अहो, दाढ ठणकायची थांबली म्हणून ठणकण्यात गेलेली रात्र खोटी ठरते काय?

‘आमचे रुग्ण समाधानी आहेत,’ असे कागद दाखवले जातात. आमची बाई डॉक्टरांपुढे ‘नाही’ कशी म्हणेल? ती ‘हो’वर खूण करते. ही भीड झाली, समाधान नव्हे. आणि निकाल येतो तेव्हा तो नवऱ्याला आत बोलावून सांगतात. ती बाहेर बाकावर! रोग तिचा, शरीर तिचे, आणि बातमी तेवढी दुसऱ्याची?

नागपूरला इमारतींची वाण नाही. १९४७ पासूनचे मेडिकल आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करुग्णालय आहे, जामठ्याच्या संस्थेचे २०२३ साली उद्घाटन झाले. मागणे साधे आहे: शक्य त्या तपासण्या एकाच दिवशी करा, उरलेल्या निकालाची तारीख चिठ्ठीवर लिहा, आणि निकाल त्या बाईलाच, समोर बसवून, तिच्या मराठीत सांगा. नुसती घाई नको. वाईट बातमी कळलेल्या बाईजवळ कोणी घटकाभर बसलेही पाहिजे.

आणि बंधूंनो, भाऊबीजेला ओवाळणीत साडी जरूर घाला. पण बहीण कधी दबक्या आवाजात ‘गाठ लागतेय रे’ म्हणाली, तर ‘सण होऊन जाऊ दे’ म्हणू नका. त्याच आठवड्यात तिच्याबरोबर दवाखान्यात जा, आणि दारातच विचारा: निकाल कधी लागणार?