लेखणीवरचा संसार

साहित्यिकाचा सत्कार करताना मराठी समाज कधी हात आखडता घेत नाही. शाल, श्रीफळ, टाळ्या यांची उणीव नसते. त्याच साहित्यिकाचे पुस्तक विकत घेण्याची वेळ आली, की मात्र हा समाज ग्रंथालयाची वाट धरतो किंवा शेजाऱ्याकडे मागून वाचतो. म्हणूनच मराठीत कथा-कादंबरी लिहिणारे बहुतेक जण आधी प्राध्यापक, कारकून वा पत्रकार असतात आणि उरलेल्या वेळात लेखक. केवळ लेखणीवर संसार उभा करण्याचे धाडस फार थोड्यांनी केले. गोपाल नीलकंठ दांडेकर हे त्यांतील ठळक नाव.

१९१६ साली परतवाड्यात जन्मलेल्या दांडेकरांनी कोवळ्या वयातच शाळा आणि घर सोडले ते स्वातंत्र्याच्या ओढीने. पुढे गाडगे महाराजांचा सहवास, वेदान्ताचे अध्ययन, नर्मदेची परिक्रमा हेच त्यांचे विद्यापीठ ठरले. हाती पदवी नव्हती. तरीही १९४७ पासून त्यांनी लेखन हीच उपजीविका मानली आणि तळेगाव दाभाडे येथे राहून ती निभावली.

ज्याची चूल लेखणीवर पेटते, त्याला प्रतिभेच्या लहरीची वाट पाहत बसता येत नाही. दांडेकरांनी कादंबरी लिहिली, संतचरित्रे लिहिली, शिवकालावर लिहिले, मुलांसाठीही लिहिले. एवढ्या विपुल लेखनात सारेच सारख्या तोलाचे नसणार, हे उघड आहे. पण पोटासाठी लिहिले म्हणजे हिणकस लिहिले, हा समज त्यांच्या उत्तम कृतींनी खोटा ठरवला. ‘पडघवली’त कोकणातले मोडत चाललेले गाव अंबावहिनी आपल्या बोलीत सांगते. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीच्या रानात वावरतो. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांचे जग येते. ही माणसे टेबलाशी बसून सुचलेली नाहीत. गडकोट पायी तुडवावे, वाटेवरच्या माणसाच्या ओसरीवर बसावे, त्याचा शब्द कानात साठवावा आणि मग कागद पुढे ओढावा, ही त्यांची रीत होती. कादंबरीकाराची निम्मी मेहनत अशी लिहिण्याआधीच होते. तिचा मोबदला मात्र कोणी वेगळा देत नाही.

सन्मान आले. ‘स्मरणगाथे’ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला; १९८१ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. परंतु लेखणी हाती धरल्यापासून अध्यक्षपदापर्यंतची तीन दशकांहून अधिक वर्षे पुरस्कारांवर निघत नाहीत. ती निघतात ती गाठीचे पैसे मोजून पुस्तक घरी नेणाऱ्या अनाम वाचकाच्या बळावर.

मराठीच्या भवितव्याची चिंता आज सर्वत्र व्यक्त होते आणि ती रास्तही आहे. पण भाषा केवळ ठरावांनी जगत नाही. तिच्यात पूर्णवेळ लिहिणारी माणसे जगली पाहिजेत. सणाला कपडे आणि मिठाई आणणाऱ्या घराने त्याच यादीत एका मराठी पुस्तकाची भर घातली, तर त्या घराचे अंदाजपत्रक कोसळणार नाही. एखाद्या लेखकाचे मात्र सावरेल. शाल लेखकाच्या खांद्यावर शोभते, यात शंका नाही. त्याच्या घरची चूल पेटती ठेवणे हे मात्र वाचकाचे काम आहे.