सोशल मीडियावरून येणारी गर्दी वेबसाइटला खरंच परवडते का?

'लिंक पहिल्या कमेंटमध्ये.' 'लिंक बायोमध्ये.' 'सविस्तर वाचण्यासाठी कमेंट बॉक्स पाहा.' फेसबुक किंवा इन्स्टाग्राम वापरत असाल तर ही वाक्यं तुम्ही रोज वाचत असाल. बातमी असो, पाककृती असो की कोकणातल्या एखाद्या होमस्टेची माहिती, लिंक सरळ पोस्टमध्ये न देता कुठेतरी बाजूला ठेवलेली असते.

असं का करतात? लिंकवर क्लिक केलं की तुम्ही त्या अ‍ॅपमधून बाहेर पडता आणि तुम्ही बाहेर पडलात की अ‍ॅपला तुम्हाला जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यामुळे बाहेर नेणारी पोस्ट कमी लोकांपर्यंत पोहोचते, असा वेबसाइट चालवणाऱ्या अनेकांचा अनुभव आहे. म्हणून लिंक कमेंटमध्ये टाकायची, फोटोखाली लपवायची, अशा युक्त्या सुरू असतात.

पण एवढा खटाटोप करून वेबसाइटवर जी गर्दी येते, ती त्या वेबसाइटच्या मालकाच्या खरंच कामाची असते का? गेल्या दहा वर्षांत जगभरातल्या मोठ्या वेबसाइट्सनी या प्रश्नाचं उत्तर बरीच किंमत मोजून शोधलं आहे.

सोशल मीडियावरून आलेला माणूस वेगळा असतो का?

वेबसाइटवर लोक साधारण तीन वाटांनी येतात. काही जण गूगलवर काहीतरी शोधत येतात. काही जण वेबसाइटचं नाव माहीत असल्यामुळे थेट येतात. आणि काही जण सोशल मीडियावर स्क्रोल करताना एखादं शीर्षक आवडलं म्हणून येतात.

पहिल्या दोघांना काहीतरी हवं असतं. तिसरा माणूस बहुतेक वेळा वेळ घालवत असतो. तो एक पान उघडतो, दोन परिच्छेद वाचतो आणि परत आपल्या फीडमध्ये जातो. अनेकदा आपण कोणत्या वेबसाइटवर होतो, हेही त्याच्या लक्षात राहत नाही. 'फेसबुकवर वाचलं' एवढंच तो दुसऱ्याला सांगतो.

यात एक तांत्रिक भागही आहे. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरची लिंक बऱ्याचदा त्या अ‍ॅपच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे तुमचे जतन केलेले पासवर्ड नसतात आणि आधी केलेलं लॉग-इनही नसतं. वर्गणी भरायची किंवा काही विकत घ्यायचं, तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. बहुतेक जण तिथूनच मागे फिरतात.

उलट काही गर्दी मोजणीत दिसतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड झालेल्या लिंकवरून आलेला वाचक अनेकदा 'थेट आला' अशा खात्यात जमा होतो. अमेरिकन पत्रकार अ‍ॅलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ मध्ये या न दिसणाऱ्या वाटेला 'डार्क सोशल' असं नाव दिलं. आपल्याकडे घराघरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असल्यामुळे मराठी वेबसाइट्ससाठी ही वाट महत्त्वाची ठरते.

मग पूर्वी सगळे फेसबुकच्या मागे का लागले होते?

कारण तेव्हा खरोखर फायदा होत होता. साधारण २०१२ ते २०१६ या काळात फेसबुकवरून वेबसाइट्सकडे प्रचंड संख्येने लोक जात होते. केवळ त्या गर्दीवर नव्या वेबसाइट्स उभ्या राहिल्या. मे २०१५ मध्ये फेसबुकने 'इन्स्टंट आर्टिकल्स' आणलं. लेख फेसबुकच्या आतच चटकन उघडणार आणि जाहिरातीच्या पैशात प्रकाशकालाही वाटा मिळणार, अशी ती योजना होती.

मग ११ जानेवारी २०१८ रोजी मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की यापुढे न्यूज फीडमध्ये मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल, बातम्या आणि ब्रँडच्या पोस्ट कमी दिसतील. पुढच्याच महिन्यात 'लिटलथिंग्ज' ही अमेरिकेतली लोकप्रिय वेबसाइट बंद पडली. या बदलामुळे आपली सुमारे ७५ टक्के विनामूल्य गर्दी गेल्याचं तिच्या मालकांनी सांगितलं.

'स्लेट' या अमेरिकन मासिकाने तर स्वतःचे आकडेच छापले. जानेवारी २०१७ मध्ये फेसबुकवरून त्यांची २ कोटी ८० लाख पानं पाहिली गेली होती. मे २०१८ मध्ये हा आकडा ४० लाखांच्याही खाली आला. म्हणजे दीड वर्षाच्या आत ८७ टक्के घट. यातली बरीचशी घसरण झुकरबर्ग यांच्या घोषणेच्या आधीच सुरू झालेली होती.

एप्रिल २०२३ मध्ये 'बझफीड न्यूज' बंद झालं. त्याच्या दोनच वर्षं आधी त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला होता, तेव्हा पत्रकारितेचा दर्जा कमी होता असं म्हणता येणार नाही. मोफत पत्रकारितेला लागणारी पोहोच किंवा पैसा मोठे प्लॅटफॉर्म देणार नाहीत, हे स्वीकारायला आपल्याला उशीर झाला, अशा आशयाची कबुली बझफीडचे प्रमुख जोना पेरेटी यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात दिली. इन्स्टंट आर्टिकल्सही त्याच महिन्यात गुंडाळण्यात आलं.

आता परिस्थिती काय आहे?

फेसबुकची मालक कंपनी मेटा अमेरिकेतल्या फीडबद्दल वेळोवेळी अहवाल काढते. २०२१ मध्ये तिथल्या फीडमध्ये पाहिल्या गेलेल्या पोस्टपैकी साधारण १३ टक्के पोस्टमध्ये बाहेरची लिंक होती. २०२४ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली गेलं. म्हणजे फीडमध्ये बाहेर जायची वाट जवळपास उरलेलीच नाही.

एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, वेगळं चित्र नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने दाखवून दिलं की न्यूयॉर्क टाइम्स, रॉयटर्स अशा काही ठरावीक वेबसाइट्सच्या लिंक एक्सवरून उघडायला सुमारे पाच सेकंद जास्त लागत होते. बातमी आल्यावर हा उशीर कमी झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्सने लिंकसोबत दिसणारी शीर्षकंच काढून टाकली, नंतर ती लहान आकारात परत आली. लोक बाहेर गेले तर एक्सवर कमी वेळ घालवतात, त्यामुळे लिंकला कमी महत्त्व मिळतं, हे खुद्द इलॉन मस्क यांनी तेव्हा सांगितलं होतं.

ही गर्दी गेली तर किती नुकसान होतं?

याची दोन उदाहरणं आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत.

पहिलं अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओचं. ट्विटरने त्यांच्या खात्यावर सरकारी माध्यम असल्याचा शिक्का मारल्यावर एप्रिल २०२३ मध्ये एनपीआरने तिथे पोस्ट करणंच थांबवलं. त्यांच्या मुख्य खात्याला ८० लाखांहून जास्त फॉलोअर्स होते. तरीही सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा वेबसाइटची गर्दी जेमतेम एक टक्क्याने घटली होती. कारण मुळात ट्विटरवरून येणारे वाचक दोन टक्क्यांहूनही कमी होते. फॉलोअर्सचा आकडा आणि वाचकांचा आकडा यांत केवढं अंतर असतं, ते इथे दिसतं.

दुसरं उदाहरण कॅनडाचं. बातम्यांसाठी माध्यमांना पैसे द्यावेत, असा कायदा तिथे जून २०२३ मध्ये मंजूर झाला. उत्तर म्हणून मेटाने ऑगस्टपासून कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्यांच्या लिंक बंद केल्या. त्याच महिन्यात वणव्यामुळे उत्तरेकडचं यलोनाइफ हे शहर रिकामं करावं लागलं. लोक फेसबुकवर माहिती शोधत होते आणि स्थानिक बातमीदारांच्या लिंक तिथे चालत नव्हत्या. शेवटी लोकांनी बातम्यांचे स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवले.

मोठ्या संस्थेला नाव असतं, त्यामुळे लोक तिच्याकडे थेट जातात. छोट्या, स्थानिक वेबसाइटकडे येण्याची बहुतेकांची वाट सोशल मीडियाच असते, आणि ती बंद करायची की नाही हे तिच्या हातात नसतं.

आपल्याकडेही हे घडून गेलं आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. निर्णयाची कारणं सुरक्षेची होती. पण महाराष्ट्रातल्या गावागावांत ज्यांनी तिथे लाखो फॉलोअर्स जमवले होते, त्यांना ते दुसरीकडे घेऊन जाता आले नाहीत.

मग हिशेब कसा मांडायचा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पाककृतींची एक मराठी वेबसाइट आहे. तिच्या मालकिणीने चार तास खपून एक रील केलं. ते १ लाख लोकांनी पाहिलं. त्यातल्या शंभरातल्या एकाने बायोमध्ये जाऊन लिंक दाबली, म्हणजे १ हजार जण आले. जाहिरातींतून हजार पानांमागे ६० रुपये मिळतात असं धरू. प्रत्येकाने एकच पान पाहिलं तर कमाई झाली ६० रुपये. तासाला १५ रुपये!

आता दिवेआगरच्या एका होमस्टेचं उदाहरण घेऊ. तिथेही रीलसाठी चार तास गेले. पाहणारे फक्त ५ हजार, वेबसाइटवर आले ५० जण, आणि त्यातल्या एकाने ३ हजार रुपयांची खोली बुक केली. गर्दी वीस पटीने कमी आणि कमाई पन्नास पटीने जास्त.

याचा अर्थ पाककृतीवालीने रील करू नये असा नाही. तिच्या हजार जणांपैकी २० जणांनी ईमेलवर नवी पाककृती मिळावी म्हणून नाव नोंदवलं आणि ते महिन्यातून दोनदा परत आले, तर वर्षभरात ४८० भेटी होतात. त्यासाठी पुन्हा रील करावं लागत नाही आणि कोणाच्या अल्गोरिदमची परवानगीही लागत नाही. तिच्या दृष्टीने मोलाची असते ती वाचकाची दुसरी भेट.

त्यामुळे लाइक्स आणि व्ह्यूज बाजूला ठेवून तीन गोष्टी मोजाव्यात: किती जण परत आले, किती जणांनी नाव नोंदवलं किंवा काही विकत घेतलं आणि त्यासाठी आपले किती तास गेले. हे आकडे स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यावेत. व्हिडिओ पाहण्याची सरासरी वेळ आपण दोन वर्षं चुकीच्या पद्धतीने मोजल्यामुळे जास्त दाखवत होतो, हे सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकनेच मान्य केलं होतं.

मग गूगल सर्चवर भरवसा ठेवावा का?

सर्चमधून येणारा वाचक काहीतरी शोधत येतो, म्हणून तो जास्त कामाचा. पण ती जागाही भाड्याचीच आहे. गूगलने २०२४ मध्ये, आधी अमेरिकेत आणि मग भारतात, शोधाच्या वरच एआयने लिहिलेलं उत्तर द्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने जुलै २०२५ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार, असं उत्तर दिसलं तेव्हा लोकांनी ८ टक्के वेळाच खालच्या लिंकवर क्लिक केलं. उत्तर नव्हतं तेव्हा हे प्रमाण १५ टक्के होतं.

म्हणून सोशल मीडिया सोडावा की सर्च धरावा, असा हा प्रश्न नाही. दोन्हीकडून ओळख होते. त्या ओळखीतून लोक वेबसाइटचं नाव लक्षात ठेवून आपणहून यायला लागले, तर गर्दी परवडली. नाहीतर दर आठवड्याला नवी गर्दी जमवत बसावं लागतं.

वाचक म्हणून तुमचा यात काय संबंध?

मराठीत चांगलं लिहिणाऱ्या वेबसाइट्स थोड्या आहेत. त्यांचा लेख आवडला की आपण काय करतो? बऱ्याचदा पूर्ण मजकूर कॉपी करून ग्रुपवर टाकतो, लेखकाचं नाव वाटेत गळून पडतं आणि खाली 'कॉपी पेस्ट' किंवा 'लेखक अज्ञात' येतं. लेख हजारो लोक वाचतात, पण वेबसाइटवर एकही जण पोहोचत नाही.

मजकुराऐवजी लिंक पाठवणं, आवडलेल्या वेबसाइटचं नाव लक्षात ठेवून आठवड्यातून एकदा ती थेट उघडणं, याला पैसे लागत नाहीत. फेसबुकने उद्या पुन्हा काही बदललं, तरी असे दोनशे वाचक असलेली छोटी वेबसाइट चालू राहू शकते.